मनात राहणारा सिनेमा : एका जुन्या प्रश्नाची आजची स्थिती

१९१०-११ च्या सुमारास मुंबईच्या 'अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस'मध्ये धुंडिराज गोविंद फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला. त्या अनुभवाबद्दल त्यांनी पुढे 'नवयुग' मासिकात स्वतःच लिहिले आहे. पडद्यावर ख्रिस्तचरित्र सरकत होते आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती. ते पुन्हा पत्नीला घेऊन तोच चित्रपट पाहायला गेले. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. पुढे १९५० मध्ये लंडनमध्ये सत्यजित राय यांनी डी सिकांचा 'बायसिकल थीव्ह्ज' पाहिला आणि आपला पहिला चित्रपट कसा करायचा हे त्यांनी तिथे ठरवले. आपल्या सिनेमाच्या इतिहासातली ही दोन मोठी वळणे. दोन्हींच्या मुळाशी कुणाच्या तरी मनातून न गेलेला एकेक चित्रपट आहे.

फाळक्यांच्या आठवणीतला भर रडण्यावर नाही, कल्पना चाळवली जाण्यावर आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण या विषयावरची बहुतेक चर्चा 'हेलावून टाकणारा' आणि 'लक्षात राहणारा' हे एकच धरून चालते. थिएटरात डोळे पुसावे लागणे ही एक घटना. वीस वर्षांनी भांडी घासताना किंवा एसटीच्या खिडकीत बसल्यावर त्यातले एखादे दृश्य आपोआप समोर येणे ही दुसरी. पहिलीचे कारण तेच दुसरीचे असते का, हा या आढाव्यातला कळीचा प्रश्न आहे.

रसचर्चेचा वारसा

दुःखद गोष्ट पाहायला आपण पैसे मोजून का जातो, हे कोडे सिनेमाहून फार जुने आहे. भरताच्या नाट्यशास्त्राने करुणाला आठ रसांत मानाचे स्थान दिले. दहाव्या-अकराव्या शतकातल्या अभिनवगुप्तांनी भट्टनायकांचा साधारणीकरणाचा विचार पुढे नेला. रंगमंचावरचे दुःख ना नटाचे, ना पात्राचे, ना माझे, असे होऊन बसते, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो आणि तो आस्वाद आनंदरूपच असतो. सगळ्यांना हे पटले नव्हते. बाराव्या शतकातल्या 'नाट्यदर्पण'कारांनी, रामचंद्र आणि गुणचंद्र यांनी, काही रस सुखाचे तर काही सरळसरळ दुःखाचे असतात असे मांडले. करुण पाहून प्रेक्षकाला दुःखच होते. त्याला जे आवडते ते कवीचे आणि नटाचे कसब.

मराठीत हा वाद विसाव्या शतकात पुन्हा पेटला. साहित्यसम्राट न. चिं. केळकर यांनी 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक वा प्रेक्षक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो आणि त्याच वेळी आपले स्वतःचे भानही राखतो. हे दुहेरी असणे हाच आनंद. पाश्चात्य तत्त्वज्ञांची गाडीही अशाच एका स्थानकावर आली. कॉलिन रॅडफर्ड यांनी १९७५ साली विचारले की ॲना कॅरेनिना कधी अस्तित्वातच नव्हती, मग तिच्यासाठी हळहळणे तर्काला धरून आहे का? केंडल वॉल्टन यांनी १९७८ मध्ये उत्तर दिले की ही भावना खेळातल्या भातुकलीसारखी, मानून घेतलेली असते. नोएल कॅरल यांचे म्हणणे वेगळे : भावना खरीच असते, ती उठवायला नुसता विचारही पुरतो, घटना खरी असावी लागत नाही. हा वाद अजून मिटलेला नाही.

मला या साऱ्यात अभिनवगुप्तांचे एक विधान आपल्या प्रश्नासाठी सर्वांत उपयोगी वाटते आणि नेमके तेच चित्रपटचर्चेत क्वचित येते. सहृदयाच्या मनात आधीच संस्कार, वासना साठलेल्या असतात. कलाकृती त्या जागवते. म्हणजे ठसा सिनेमा उमटवतो असे आपण म्हणतो तेव्हा अर्धे काम प्रेक्षकाच्या आयुष्याने अगोदरच केलेले असते.

उघड्या भावनेची बाजू

मराठी सिनेमाचा भावनिक पाया भरला तो उघड, न संकोचणाऱ्या भावनेवर. दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम'ने (१९३६) विष्णुपंत पागनीसांना असे काही तुकाराम करून टाकले की लोक पुढे त्यांनाच नमस्कार करू लागले. त्यात पागनीसांची भक्ती जेवढी खरी, तेवढीच जिजाईची चिडचिड खरी. विमानात बसून वैकुंठाला जाणारा संत आजच्या प्रेक्षकाला तांत्रिकदृष्ट्या भाबडा वाटेल, पण पोरांच्या पोटाची काळजी करणारी ती बाई आजही डोळ्यांपुढून हलत नाही.

आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' (१९५३) या परंपरेचा कळस. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले त्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्याला मिळाले. वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम ही महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांची सामायिक आठवण आहे. साने गुरुजींचे पुस्तक आधीच घरोघरी वाचले गेले होते, त्यामुळे प्रेक्षक चित्रपटगृहात शिरला तोच भरल्या मनाने.

मग १९९१ साली विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' आला. मुळात तो गुजरात-राजस्थानकडच्या कथेवरून घेतलेला, पण अलका कुबल यांनी रंगवलेली, माहेरच्या मायेला पारखी झालेली सासुरवाशीण गावोगावच्या बायकांनी आपली मानली. समीक्षकांनी नाके मुरडली. त्यांचा आक्षेप दुहेरी होता : एक, रडवण्यासाठी प्रसंगांची रास घातली आहे. दुसरा जास्त गंभीर : सोसणाऱ्या स्त्रीला देवत्व देऊन चित्रपट सोसण्यालाच पुण्य ठरवतो. दुसरा आक्षेप आजही ठाम उभा आहे.

पहिल्याबाबत मात्र गेल्या पन्नास वर्षांत विचार बराच बदलला. पीटर ब्रुक्स यांनी १९७६ मध्ये मेलोड्रामाला गंभीर कलाप्रकार म्हणून वाचले : धर्माचा आधार सैल झालेल्या समाजात भले-बुरे ठळक करून दाखवण्याची ती रीत आहे. लिंडा विल्यम्स यांनी १९९१ मध्ये, म्हणजे नेमक्या 'माहेरची साडी'च्या वर्षी, दाखवून दिले की अंगावर काटा आणणारे, डोळ्यांत पाणी आणणारे चित्रपट हलके ठरवले जातात त्यामागे शरीराच्या प्रतिसादाबद्दलचा अविश्वास असतो. रडणारा प्रेक्षकवर्ग बायकांचा असला की हा अविश्वास दुणावतो. ऋत्विक घटक तर उघडपणे मेलोड्रामाच्या बाजूने उभे होते. 'मेघे ढाका तारा'मध्ये (१९६०) नायिका नीतावर आघात होतो तेव्हा ध्वनिपट्टीवर चाबकाचा फटकारा ऐकू येतो, आणि अखेर तिची जगण्याची आर्त इच्छा डोंगरांतून घुमत राहते. संयमाच्या कोणत्याही मापात हे बसत नाही, पण एकदा ऐकलेला तो आवाज विसरणे कठीण. घटक पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये उपप्राचार्य होते आणि त्यांच्या हाताखालून गेलेले काही विद्यार्थी पुढे अगदी उलट्या, कोरड्या शैलीचे दिग्दर्शक झाले.

हात राखणाऱ्यांची बाजू

'पथेर पांचाली'त (१९५५) हरिहर परगावाहून परततो, मुलगी दुर्गा गेल्याचे त्याला ठाऊक नाही. तिच्यासाठी आणलेली साडी तो पत्नीच्या हातात देतो. सर्वजया कोसळते, तोंड उघडते, पण रडण्याचा आवाज येत नाही. त्या जागी तारशहनाई वाजते. फिल्म सोसायट्यांतून वाढलेल्या पिढीसाठी हे दृश्य वस्तुपाठच होते. सतीश बहादूर पुण्यात हा चित्रपट दृश्यागणिक उलगडून शिकवत. त्यातून तयार झालेल्या मताचा गाभा असा : भावना पूर्ण वापरून टाकू नये, प्रेक्षकासाठी जागा ठेवावी. ती जागा भरण्याचे काम तो घरी जाऊन करत राहतो, म्हणून चित्रपट टिकतो.

जाता जाता एक गंमत नोंदवावीशी वाटते. साडी दोन्हीकडे आहे. रायांच्या चित्रपटातही आणि कोंडक्यांच्या चित्रपटातही न बोलता येणारे दुःख एका वस्त्रावर येऊन ठेपते. दोन छावण्या आपण समजतो तितक्या दूर नाहीत.

मराठीत या बाजूचा सर्वांत मोलाचा ग्रंथ म्हणजे अरुण खोपकर यांचा 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका'. 'प्यासा', 'कागज के फूल' आणि 'साहिब बीबी और गुलाम' ज्यांच्या मनात घर करून बसले होते त्यांना या पुस्तकाने कारणे दिली : प्रकाश कुठून येतो, कॅमेरा केव्हा पुढे सरकतो, गाणे संवादातून कसे उगवते. खोपकरांचा दाखला महत्त्वाचा यासाठी की गुरुदत्त हे काही संयमी दिग्दर्शक नव्हेत. त्यांची भावना ओसंडते, पण तिला काटेकोर आकार आहे. तेव्हा भावना कमी की जास्त असा सवाल चुकीचा ठरतो. तिला आकार आहे की नाही, हे पाहायला हवे.

संदीप सावंत यांचा 'श्वास' (२००४) या विचाराचा लोकप्रिय विजय मानता येईल. कोकणातल्या आजोबांना कळते की नातवाच्या डोळ्यांत कर्करोग आहे, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. शस्त्रक्रियेआधी ते त्याला रुग्णालयातून गुपचूप बाहेर काढतात आणि शहर दाखवतात. अरुण नलावडे यांचे आजोबा फारसे बोलत नाहीत. विषय पाहता रडारडीला मुबलक वाव होता, पण चित्रपटाचे लक्ष आहे ते पोराला अजून काय काय पाहून घेता येईल याकडे. 'श्यामची आई'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीकडे आला तो 'श्वास'मुळेच. पुढे अविनाश अरुण यांचा 'किल्ला', चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (दोन्ही २०१४), आणि अलीकडे २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' ही रेषा पुढे नेतात.

आक्षेप याही बाजूवर आहेत. हात राखणे हीसुद्धा आता एक सवय झाली आहे. लांबून, स्थिर धरलेला कॅमेरा, पार्श्वसंगीताचा अभाव, अर्धवट तुटणारा शेवट यांची महोत्सवी ठोकळेबाज शैली बनली आहे. शिवाय अमुक प्रकारे रडणे गावंढळ आणि तमुक प्रकारे गप्प राहणे सुसंस्कृत, या निवाड्यात वर्गाचा आणि जातीचा वास येतो.

रडू नाकारणारा सिनेमा

तिसरी भूमिका जर्मन नाटककार ब्रेख्तच्या वळणाची आहे. प्रेक्षक रडला की हलका होतो आणि हलका झालेला माणूस काही करत नाही. म्हणून त्याला मोकळे होऊ देऊ नये.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) डुक्कर पकडण्याची धावपळ सुरू असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि जब्या नावाच्या पोराचे सगळे कुटुंब जागीच उभे राहते. समोर डुक्कर मोकळे. प्रेक्षकांत एक हसू फुटते आणि घशात अडकते. शेवटी जब्या भिरकावतो तो दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो. ज्याला एव्हाना त्याची दया येत होती, त्याच्यावर.

'सैराट' (२०१६) तर या तिन्ही भूमिकांचा एकत्र मुकाबला करतो. पूर्वार्धात अजय-अतुल यांचा भरगच्च वाद्यमेळ, लोक थिएटरात पडद्यापुढे नाचले. अखेरीस आवाज पूर्ण बंद. लहान मूल आत जाते, बाहेर येते, पावलांचे लाल ठसे उमटवत चालू लागते. नाचलेलेच लोक गुमान बाहेर पडताना दिसायचे. यावर मते विभागली ती अजून तशीच आहेत. काहींच्या मते जातीय हिंसेचा असा घाव मराठी पडद्याने पूर्वी घातला नव्हता. काहींना तो धक्का ठरवून दिलेला वाटला. काही आंबेडकरी आणि स्त्रीवादी वाचनांनी वेगळीच शंका घेतली : बंड करणाऱ्या जोडप्याला मारून टाकले की पाहणाऱ्या पोरापोरींच्या मनात उरते ते धैर्य की भीती? २०१८ च्या हिंदी 'धडक'ने शेवट बदलला. त्यात नायक आणि मूल मारले जातात, नायिका वाचते. हिंसा दोन्हीकडे आहे. पण काही न कळणाऱ्या मुलाची पावले मनात राहतात तसे तिथले काही राहत नाही, असे माझे मत. कारण मूळ शेवटात पुढे या पोराचे काय, हा विचार प्रेक्षकाच्या गळ्यात पडतो.

प्रयोगशाळेतून काय कळले

मानसशास्त्राने सिनेमा वापरला तो आधी साधन म्हणून. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी १९९५ मध्ये ४९४ जणांवर तपासून वेगवेगळ्या भावना हमखास जागवणारे चित्रपटांचे तुकडे निवडले. दुःखासाठी 'द चॅम्प' (१९७९) या चित्रपटातले, वडिलांच्या मृत्यूवर मुलगा आक्रोश करतो ते दृश्य पुढे आले आणि नंतर अनेक प्रयोगशाळांत ते वापरले गेले. गंमत अशी की जाणकारांच्या थोर चित्रपटांच्या याद्यांत 'द चॅम्प' सापडायचा नाही. हुकमी रडवण्याची ताकद आणि मोठेपण यांची फारकत याहून स्पष्ट कुठे दिसणार?

युरी हसन यांच्या गटाने मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. हिचकॉकच्या मालिकेतला एक भाग पाहताना वेगवेगळ्या प्रेक्षकांच्या मेंदूच्या बाह्यस्तराचा सुमारे ६५ टक्के भाग एकसारखा चालत होता. एका बागेत कॅमेरा नुसता ठेवून घेतलेल्या, न कापलेल्या चित्रणाला हेच प्रमाण ५ टक्क्यांहून कमी. म्हणजे दिग्दर्शक लक्षावर ताबा मिळवू शकतो हे सिद्ध झाले. पण सगळ्यांचे मेंदू एकत्र चालले म्हणजे सगळ्यांच्या मनात काही उरले असे होत नाही. उलट संयमवाद्यांचा दावाच हा आहे की चांगला चित्रपट प्रत्येकाला आपापल्या वाटेने जाऊ देतो.

आठवणीच्या जास्त जवळ जाणारे काम बार्बरा फ्रेड्रिक्सन आणि डॅनिएल काहनमन यांचे (१९९३). छोट्या चित्रफिती दाखवल्यावर लोकांनी केलेले एकूण मूल्यमापन लांबीवर फारसे अवलंबून नव्हते. सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांवर ते ठरत होते. 'फँड्री', 'सैराट' यांच्या शेवटांबद्दल आपण इतके का बोलतो, याचा थोडा उलगडा इथे होतो. मात्र चित्रफितीनंतर लगेच दिलेले गुण आणि वीस वर्षांनी येणारी आठवण यांत मोठे अंतर आहे. त्या अंतराकडे पाहणारा अभ्यास भीतीबद्दल झाला. क्रिस्टन हॅरिसन आणि जोॲन कँटर यांच्या १९९९ च्या पाहणीत विद्यापीठातल्या सुमारे ९० टक्के विद्यार्थ्यांनी लहानपणी पडद्यावर पाहिलेल्या एखाद्या भीतीची आठवण सांगितली, आणि जवळपास चौथा हिस्सा विद्यार्थ्यांत तिचा परिणाम अजून शिल्लक होता. भीती टिकते याचा पुरावा आहे. करुणा, लाज, ओढ यांच्या टिकण्याबद्दल इतका नेमका पुरावा नाही.

पाहणाऱ्याची आठवण

ॲनेट कून यांनी १९९० च्या दशकात ब्रिटनमधल्या वृद्ध प्रेक्षकांना १९३० च्या दशकातल्या सिनेमाबद्दल बोलते केले. लोकांना चित्रपटांच्या कथा फारशा आठवत नव्हत्या. आठवत होता तो चित्रपटगृहाकडे जायचा रस्ता, सोबत कोण होते, काय खाल्ले. दृश्ये आठवली ती सुटी सुटी, कथेपासून तुटलेली. हे आपल्याकडे पडताळून पाहण्यासारखे आहे. जत्रेतल्या तंबूतला सिनेमा, बायकांसाठी लावलेले दुपारचे खेळ, शनिवारी-रविवारी शेजाऱ्यांच्या घरी गर्दी करून पाहिलेला दूरदर्शनवरचा चित्रपट : मराठी माणसाची सिनेमाची आठवण अशा जागांना चिकटलेली असते. आज तोच चित्रपट मोबाइलवर, एकट्याने, मध्येच थांबवून पाहिला जातो. परिणाम कमी होतो की नुसता बदलतो, याचे उत्तर दोन्ही बाजू ठामपणे देतात. पण हाताशी पुरावा थोडा.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या चित्रपटांनी या बाजूला एक वेगळा धडा जोडला. 'देवराई' (२००४) स्किझोफ्रेनियावर, 'अस्तु' स्मृतिभ्रंशावर, 'कासव' नैराश्यावर. रुग्णांच्या नातेवाइकांसमोर हे चित्रपट दाखवून नंतर चर्चा घेण्याची पद्धत पडली. स्वतः मनोविकारतज्ज्ञ असलेल्या मोहन आगाशे यांनी तिचा पाठपुरावा केला. यात सिनेमा संपल्यावरचा अर्धा तास सिनेमाइतकाच मोलाचा. ठसा टिकवायला बोलणे लागते, हे इथे गृहीत धरले आहे आणि ते मला पटते.

काय ठरले, काय नाही

आता एवढे निश्चित म्हणता येते की रडू येणे हे टिकण्याचे माप नव्हे आणि न रडवणे ही टिकण्याची हमी नव्हे. उघड भावनेचा चित्रपट हलकाच, हे जुने गृहीतक टिकलेले नाही. शेवटाचे वजन मोठे असते.

बाकी बरेच मोकळे आहे. मराठी-हिंदी सिनेमात गाणे रेडिओवर, वरातीत, फोनवर वर्षानुवर्षे वाजत राहते आणि चित्रपटाची आठवण ताजी करते. मग टिकले ते दृश्य की चाल, हे वेगळे कसे काढायचे? दुसरे, आपण बोलतो ते लक्षात राहिलेल्या चित्रपटांबद्दलच. त्याच गुणांचे कितीतरी चित्रपट विसरले गेले असतील, त्यांची तुलना कोणी करत नाही. तिसरे, एकाच चित्रपटाने दिलेला ठसा जातीनुसार, लिंगानुसार, वयानुसार किती वेगळा असतो, यावर मते पुष्कळ आहेत आणि साक्षी कमी. 'श्यामची आई' पाहून सगळ्यांनाच आपली आई आठवली असेल असे समजणे धाडसाचे आहे.

यावर उपाय अवघड नाही. 'माहेरची साडी' पहिल्यांदा पाहिलेल्या बायका आज साठी-सत्तरीत आहेत, 'श्यामची आई' थिएटरात पाहिलेले ऐंशीच्या पुढे. गावोगावच्या फिल्म सोसायट्या, महाविद्यालयांचे मराठी आणि माध्यम विभाग यांनी या लोकांसमोर रेकॉर्डर ठेवून त्यांना काय आठवते ते विचारावे आणि आवडले का, हा प्रश्न शेवटी विचारावा. घरात असे कोणी असेल तर वाचकांनीही वाट पाहू नये.